बायोमेडिकल करून डॉक्टर होता येतं का?

दरवर्षी नीटचा निकाल लागला की आमच्या विभागाच्या दारात पालकांची ये-जा सुरू होते. इकडच्या तिकडच्या चौकश्या झाल्या की गाडी एकाच प्रश्नावर येते: "मॅडम, बायोमेडिकल घेतलं तर पुढे डॉक्टर होता येईल ना?" विचारतात बहुधा वडील. आई माझ्या चेहऱ्याकडे बघत असते. आणि ज्या मुलीसाठी हे सगळं चाललेलं असतं, ती भिंतीवरचं टाइमटेबल वाचत उभी असते.

म्हणून उत्तर आधी देऊन टाकते. भारतात तरी, नाही. बायोमेडिकल सायन्स घ्या, बायोकेमिस्ट्री घ्या, मायक्रोबायोलॉजी घ्या. यांतल्या कुठल्याही पदवीचा एमबीबीएसच्या प्रवेशाला एका गुणाचाही उपयोग होत नाही. पदवी हातात आली तरी पुन्हा नीटच द्यायची, बारावीच्या मुलांबरोबर पहिल्या वर्षाला बसायचं, साडेचार वर्षं शिकायचं आणि वर, वर्षभर इंटर्नशिप करायची. पदवीधर आहे म्हणून एकही वर्ष माफ नाही, एकही जागा राखीव नाही. कोणी तुम्हाला "हा डॉक्टर होण्याचाच दुसरा मार्ग आहे" असं सांगत असेल, तर त्यांना अर्धवट माहिती आहे किंवा त्यांना तुमच्याकडून फी हवी आहे.

मग ही पदवी वाईट का? मुळीच नाही. मी आयुष्यभर तीच शिकवत आले. मुलांना तिच्यात ढकलताना घरी जे सांगितलं जातं, त्याबद्दल मला बोलायचं आहे.

आधी एक घोळ मिटवू. बायोमेडिकल सायन्स आणि बायोमेडिकल इंजिनिअरिंग ही दोन वेगळी शिक्षणं आहेत. इंजिनिअरिंगला गणित लागतं, सीईटी किंवा जेईई लागते, आणि तिथे व्हेंटिलेटर, एमआरआय, कृत्रिम सांधे अशी यंत्रं-उपकरणं शिकवतात. सायन्समध्ये शरीर निरोगी असताना कसं चालतं, आजारात पेशींच्या आत काय बिघडतं आणि ते कसं शोधायचं, मोजायचं, हे शिकवतात. तिसरं ते डीएमएलटी-बीएमएलटी. तिथे पॅथॉलॉजी लॅबमध्ये उभं राहून तपासण्या करण्याचं थेट प्रशिक्षण मिळतं. बायोमेडिकल सायन्स या नावाची पदवी आपल्याकडे सरसकट सगळीकडे नाही. दिल्ली विद्यापीठात ती बीएस्सी ऑनर्स म्हणून बरीच वर्षं आहे, प्रवेश सीयूईटीवर. महाराष्ट्रात बहुतेक मुलं तोच अभ्यास बायोटेक, मायक्रो, बायोकेमिस्ट्री, लाइफ सायन्सेस अशा नावांखाली करतात. नावावर जाऊ नका, तीन वर्षांचा अभ्यासक्रम मागून घ्या आणि प्रॅक्टिकलचे तास किती आहेत ते मोजा.

आता हा प्रश्न येतो कुठून, तेही मला माहीत आहे. कोणाची तरी आतेबहीण लेस्टरला असते. तिचा मुलगा बायोमेडिकल करून डॉक्टर झालेला असतो. फॅमिली ग्रुपवर त्याचा गाऊन घातलेला फोटो येतो, आणि इथे लातुरात किंवा नाशकात रात्री जेवताना विषय निघतो: "बघ, त्याला पण आधी मेडिकल मिळालं नव्हतं!"

खरं आहे, मिळालं नव्हतं. पण तिथली व्यवस्थाच वेगळी आहे. इंग्लंडमधली मुलं विद्यापीठ प्रवेशासाठी यूकॅसचा एकच अर्ज भरतात. त्यात पसंती पाच, आणि त्यांतल्या वैद्यकीयच्या जास्तीत जास्त चार. उरलेल्या पाचव्या ओळीत काय भरायचं? कितीतरी मुलं तिथे बायोमेडिकल सायन्स लिहितात. चारही ठिकाणांहून नकार आला की मुलगा त्या पाचव्या ओळीवर जातो, तीन वर्षांत पदवी घेतो आणि मग यूकॅट किंवा गॅमसॅट ही परीक्षा देऊन 'ग्रॅज्युएट एन्ट्री' वैद्यकीयला अर्ज करतो. पाच-सहा वर्षांचं शिक्षण तिथे चार वर्षांत बसवलेलं असतं. म्हणजे पदवीधरांसाठी त्या देशाने मुद्दाम काढलेली ती वाट आहे. आपल्याकडे ती वाट काढलेलीच नाही.

गंमत म्हणजे तिथेही त्यासाठी बायोमेडिकलच लागतं असं नाही. वॉरिक विद्यापीठाचा चार वर्षांचा वैद्यकीय अभ्यासक्रम फक्त पदवीधरांसाठी आहे आणि तिथे कुठल्याही विषयातला पदवीधर चालतो. इतिहासवालासुद्धा. काही विद्यापीठं मात्र जीवशास्त्राशी संबंधित पदवीच मागतात. आणि चढाओढ म्हणाल तर ग्रॅज्युएट एन्ट्रीची नेहमीच्या वैद्यकीयपेक्षा सोपी नाही. बायोमेडिकलला गेलेल्या वर्गातली सगळी मुलं पुढे डॉक्टर होत नाहीत. बरीचशी होत नाहीत. ती प्रयोगशाळांत जातात, औषध कंपन्यांत जातात, शिक्षक होतात. तिथे 'बायोमेडिकल सायंटिस्ट' हे कायद्याने जपलेलं पदनाम आहे. मान्यताप्राप्त शिक्षण आणि प्रयोगशाळेतलं प्रशिक्षण पूर्ण करून एचसीपीसी या परिषदेकडे नोंदणी केल्याशिवाय कोणाला स्वतःला तसं म्हणवता येत नाही. ग्रुपवर त्यांचे फोटो येत नाहीत, एवढंच.

ऑस्ट्रेलियाचीही तऱ्हा साधारण अशीच. मेलबर्न विद्यापीठाने २०११ पासून वैद्यकीय शिक्षण पदवीनंतरचं करून टाकलं. आधी बॅचलर ऑफ बायोमेडिसिन किंवा दुसरी पदवी, मग गॅमसॅट, मग चार वर्षांची एमडी. अमेरिकेत तर वैद्यकीयला जायचं म्हणजे बहुतेक सगळ्यांनाच आधी चार वर्षांची पदवी आणि मग एमकॅट. तिथल्या 'प्री-मेड' या शब्दाने आपल्याकडे फार गोंधळ केलाय. प्री-मेड ही पदवी नसते. वैद्यकीयला लागणारे जीवशास्त्र, रसायन, भौतिक असे विषय घेऊन ठेवायचे आणि पदवी हवी त्या विषयात करायची, याला ते लोक प्री-मेड म्हणतात.

आणि लेस्टरच्या भाच्याबद्दलची मुख्य गोष्ट राहिलीच. तो तिथला रहिवासी आहे. तुमची मुलगी इथून विद्यार्थी व्हिसावर जाणार. ब्रिटनमध्ये वैद्यकीयच्या परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या जागांवर बंधन आहे. ग्रॅज्युएट एन्ट्रीला काही विद्यापीठं परदेशी विद्यार्थी घेतच नाहीत, घेतात ती मोजके. अमेरिकेतल्या थोड्याच वैद्यकीय महाविद्यालयांत परदेशी नागरिकांना अर्ज करता येतो आणि तिथेही पदवीचे निदान काही विषय अमेरिकेत किंवा कॅनडात झालेले असावेत अशी अट त्यांतली बहुतेक घालतात. म्हणजे पुण्यात बीएस्सी करून थेट अमेरिकेत एमडीला, हे जवळजवळ होतच नाही. शिष्यवृत्ती नाही, फी परदेशी विद्यार्थ्याची, वर राहण्याखाण्याचा खर्च. आधी तीन वर्षं पदवीची, मग चार वर्षं वैद्यकीयची. घर गहाण टाकायच्या आधी हा सात वर्षांचा हिशेब एका कागदावर मांडा.

समजा पैशांची सोय आहे. मुलगी हुशार आहे, तिकडे वैद्यकीयला लागलीसुद्धा. तिला पुढे तिथेच राहायचं असेल तर तिथले नियम आहेत, ती बघून घेईल. पण आई-बाबांचं वय होत चाललं, परत येऊन सांगलीत दवाखाना टाकायचा म्हटलं तर? इथे बऱ्याच जणांची फसगत होते, म्हणून सविस्तर सांगते. परदेशातून वैद्यकीय पदवी घेऊन आलेल्यांसाठी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२१ मध्ये नियम काढले. त्यानुसार परदेशातला अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा हवा, इंग्रजी माध्यमातून हवा, त्यानंतर तिथेच १२ महिन्यांची इंटर्नशिप हवी, आणि ती पदवी घेऊन त्या देशात डॉक्टर म्हणून नोंदणी मिळत असली पाहिजे. नंतर भारतात पात्रता परीक्षा आणि पुन्हा इथली इंटर्नशिप. आता चार वर्षांचे महिने मोजा. अठ्ठेचाळीस. ग्रॅज्युएट एन्ट्रीचा अभ्यासक्रम या ५४ महिन्यांच्या अटीत कसा बसवायचा, हा प्रश्न प्रवेशाच्या आधी विचारायचा आहे. विमानतळावर पेढे वाटून झाल्यावर नाही. शिवाय परदेशात वैद्यकीय शिकून भारतात यायचं असेल तर जाण्याआधी नीटला पात्र झालेलं असावं लागतं. "परदेशात नीट लागत नाही" ही जाहिरात परदेशापुरती खरी असते.

एजंटकडे किंवा शिक्षण मेळाव्यात जाल तेव्हा 'पाथवे' हा शब्द कानावर पडेल. कागद चकचकीत असतो, त्यावर स्टेथोस्कोप घातलेली हसरी मुलगी असते आणि खाली लिहिलेलं असतं: 'पाथवे टू मेडिसिन'. अशा वेळी मान डोलावू नका, विचारा. मागच्या वर्षी या पदवीतून किती मुलं वैद्यकीयला गेली? त्यांत भारतीय पासपोर्टवाली किती? वैद्यकीयची जागा लेखी राखीव आहे की नुसता मुलाखतीचा हक्क? काही विद्यापीठांत पहिल्या वर्षाच्या गुणांवर थोड्या मुलांना वैद्यकीयकडे वळवतात. ती सोय परदेशी विद्यार्थ्यांना लागू आहे का? उत्तर ईमेलवर मागा. तोंडी "हो हो, होऊन जातं" म्हणणारा माणूस ईमेल लिहिताना एकदम सावध होतो. त्या सावधपणातूनच तुम्हाला हवी ती माहिती मिळते.

आता इथल्या बहुसंख्य घरांकडे येते. परदेश नाही, डोनेशन नाही, गुण थोडक्यात हुकलेले. हुकलेले म्हणजे मुलगी कच्ची असं नव्हे, एवढं आधी मनाशी ठरवा. २०२४ साली देशभरातून सुमारे २४ लाख मुलांनी नीटसाठी नावं नोंदवली आणि एमबीबीएसच्या जागा होत्या लाखाच्या थोड्या वर, त्यांतल्या निम्म्याच्या आसपास सरकारी. उरलेल्या बावीस-तेवीस लाखांत ढ मुलंच भरलीत का?

अशा घरात एक तडजोड निघते: "बीएस्सीला नाव घालून ठेवू, वर्ष वाया जायला नको, आणि बाजूने नीटची तयारी." ऐकायला शहाणपणाची वाटते. मी तिचे परिणाम वर्गात बघते. नीटमध्ये १८० प्रश्न, ७२० गुण. त्यांतले निम्मे भौतिक आणि रसायनाचे. सगळं अकरावी-बारावीच्या पुस्तकांतलं. आमच्याकडे मूल आलं की ते पुढचं शिकायला लागतं: एन्झाइम कसं बांधलं जातं, पेशी एकमेकींना निरोप कसे देतात, रोगप्रतिकारशक्ती परकं-आपलं कसं ओळखते. हे शिकून कप्पीवरून सोडलेल्या दोन वजनांचा प्रवेग काढता येत नाही. म्हणजे बीएस्सीचा अभ्यास नीटला उपयोगी नाही आणि नीटचा अभ्यास बीएस्सीला. सकाळी क्लास, दुपारी प्रॅक्टिकल, रात्री टेस्ट सिरीज. डिसेंबरपर्यंत हजेरी कमी पडते, प्रॅक्टिकलची जर्नल अपुरी राहते आणि मे महिन्यात दोन्हीकडे जेमतेम. मुलगी मनाने आमच्याकडे कधी आलेलीच नसते. तीन वर्षं ती वेटिंग रूममध्ये बसल्यासारखी बसते, बॅग मांडीवर घेऊन.

माझं मत विचाराल तर दोन्हीतलं एक करा. एक वर्ष नीटसाठी द्यायचं असेल तर ते मोकळेपणाने द्या, त्याला 'वाया' म्हणू नका, आणि तारीखही आधी ठरवा की यानंतर पुन्हा नाही. नाहीतर बीएस्सीला घाला आणि नीटची पुस्तकं कोणाला तरी देऊन टाका. बीएएमएस, फिजिओथेरपी, नर्सिंग, यांचाही विचार त्याच बैठकीत करा. रुग्णाला हात लावून काम करण्याची ओढ असेल तर फिजिओथेरपी किंवा नर्सिंग हे बायोमेडिकलपेक्षा डॉक्टरकीच्या कितीतरी जवळ आहे. पण पालकांना 'सायंटिस्ट' हा शब्द 'नर्स'पेक्षा सांगायला बरा वाटतो, आणि मुलगी उगाच माझ्या वर्गात येऊन बसते. हे कडू आहे, पण मी ते पुष्कळ वेळा पाहिलंय.

माझ्या वर्गात कोणी बसावं, ते सांगते. दुसऱ्या वर्षाला आम्ही एलायझा ही रक्ताची चाचणी करायला देतो. हाताच्या पंजाएवढी पारदर्शक प्लेट, तिच्यात ९६ खळगे, प्रत्येकात मोजून शंभर मायक्रोलिटर द्रव सोडायचा. मायक्रोपिपेटचं बटण पहिल्या थांब्यापर्यंत दाबून द्रव ओढायचा आणि दुसऱ्या थांब्यापर्यंत दाबून सोडायचा. इथेच निम्म्या मुलांचा घोळ होतो, बुडबुडे येतात. मग धुणं, थांबणं, पुन्हा धुणं. शेवटी टीएमबी नावाचं रसायन घातलं की काही खळगे हळूहळू निळे होतात, आणि आम्लाचा थेंब पडला की ते निळे एकदम पिवळे. तो पिवळा किती गडद, ते यंत्र मोजतं आणि त्यावरून रुग्णाच्या रक्तात अमुक प्रतिपिंड किती हे कळतं. तीन-चार तास जातात. एखादीचा आलेख वाकडा येतो. त्यावर काही मुलं शेजारणीचे आकडे उतरवून घेऊन घरी जातात. आणि एखादी पोर पर्स खाली ठेवते, प्लेट उजेडासमोर धरते आणि म्हणते, "मॅडम, तिसऱ्या ओळीत माझंच चुकलंय, नवीन प्लेट मिळेल?" तेव्हा सव्वापाच वाजलेले असतात, लॅब असिस्टंट काकांनी किल्ल्या हातात घेतलेल्या असतात. ही मुलगी या विषयाची. तिला बारावीला किती पडले होते, हे मला आठवतही नाही.

डॉक्टरला समोर माणूस हवा असतो. आमच्या विषयात माणूस समोर नसतो, त्याच्या रक्ताची नळी असते, तिच्यावर बारकोड. काही मुलांना हेच आवडतं. गर्दी, रडारड, रात्रीची ड्युटी त्यांना झेपणारी नसते, आणि ते सांगायचं धाडस घरात नसतं. काहींना मात्र माणूसच हवा असतो आणि त्या मुलांचं आमच्याकडे मन लागत नाही. तुमचं मूल यांतलं कुठलं, हे माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त माहीत असायला हवं. आजी आजारी पडली तेव्हा ती उशाशी बसली होती, की रिपोर्ट हातात घेऊन क्रिएटिनिन म्हणजे काय ते शोधत होती?

"पण मॅडम, डॉक्टर नसलेल्याला विचारतो कोण?" असं एका वडिलांनी मला सरळच विचारलं. मी त्यांना परळचं उदाहरण दिलं. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगने माणसं मरत होती. तेव्हा ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या छोट्याशा जागेत बसून लस तयार करणारे वाल्डेमार हाफकिन हे प्राणिशास्त्रज्ञ होते, डॉक्टर नव्हते. १० जानेवारी १८९७ ला त्यांनी ती लस आधी स्वतःला टोचून घेतली. परळच्या ज्या संस्थेला पुढे त्यांचं नाव दिलं गेलं, ती आजही तिथे आहे. दुसरं उदाहरण आपल्या घरचं. कमला सोहोनी, माहेरच्या भागवत, लेखिका दुर्गा भागवतांच्या धाकट्या बहीण. बंगळूरच्या विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी केवळ बाई म्हणून प्रवेश नाकारला, तर त्या हटून बसल्या आणि प्रवेश घेऊनच उठल्या. १९३९ मध्ये केंब्रिजची पीएचडी मिळवली. परत आल्यावर दिल्लीच्या लेडी हार्डिंज मेडिकल कॉलेजात जीवरसायन विभाग सांभाळला, पुढे मुंबईत डाळी-तांदळांच्या पोषणमूल्यांवर आणि नीरेवर काम केलं. डॉक्टर नसलेल्या बाईने डॉक्टर होऊ घातलेल्यांना शिकवलं. आणि अलीकडचं म्हणाल तर २०२३ चं वैद्यकाचं नोबेल ज्या दोघांना मिळालं त्यांतल्या कातालिन कारिको जीवरसायनशास्त्रज्ञ आहेत, ड्र्यू वाइसमन डॉक्टर. कोविडच्या एमआरएनए लसींमागे त्या जोडीचं काम आहे.

ते वडील म्हणाले, "ही मोठी माणसं झाली. आमच्या पोरीचं सांगा."

बरोबर होतं त्यांचं. तर पोरीचं सांगते. तीन वर्षांच्या पदवीवर, नुसत्या, फार चांगली नोकरी मिळत नाही. हे मी प्रवेशाच्या दिवशीच सांगते, कारण नंतर सांगण्यात अर्थ नसतो. पदवीनंतर एमएस्सी धरूनच चाला. त्यानंतर वाटा फुटतात. औषध कंपन्यांत गुणवत्ता तपासणी, क्लिनिकल ट्रायलचं काम, औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदी तपासणारी फार्माकोव्हिजिलन्स. या नोकऱ्या मुंबई-पुण्यात आहेत. वंध्यत्व उपचार केंद्रांत एम्ब्रियॉलॉजिस्ट लागतात, आणि २०२१ च्या कायद्यानंतर तिथे पात्रता काटेकोर बघतात. जनुकीय तपासण्यांच्या प्रयोगशाळा वाढल्यात, तिथे रिपोर्ट समजावून सांगणारे समुपदेशक हवे असतात. संशोधनाकडे ओढा असेल तर पुण्यातच एनसीसीएस, एनआयव्ही, आयसर, आगरकर, खारघरला टाटाचं ॲक्ट्रेक. नेट-जेआरएफ मिळालं तर महिना ३७ हजार फेलोशिप. हा दर २०२३ पासूनचा. पीएचडीला पाच वर्षं धरा, कधी सहा. म्हणजे अठ्ठाविशीपर्यंत पोरगी शिकतेच आहे. पण डॉक्टरचं गणितही मांडून बघा: अठराव्या वर्षी प्रवेश, साडेपाच वर्षं, मग पीजीची नीट, मग तीन वर्षं. तोही सत्ताविशी-अठ्ठाविशीलाच मोकळा होतो. लग्नाचा विषय काढणाऱ्या मावश्यांना हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहून दाखवावेत.

आणखी एक खुपणारी गोष्ट लपवत नाही. हॉस्पिटलच्या आवारात डॉक्टर आणि बिगर-डॉक्टर यांच्यात उतरंड असते. लॅबच्या रिपोर्टवर सही कोणी करायची, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१७ मध्ये न्यायालयाने पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या डॉक्टरच्या बाजूने कौल दिला. वैद्यकीय महाविद्यालयांत एमएस्सी-पीएचडीवाल्यांना अध्यापक म्हणून किती जागा द्यायच्या, याचे नियमही मधूनमधून बदलत असतात. ज्या मुलीला मुळात डॉक्टरच व्हायचं होतं, तिला ही उतरंड रोज टोचते. जिला प्रयोगशाळाच हवी होती, ती दोन दिवस चिडते आणि आपल्या कामाला लागते. पदवी दोघींची एकच असते, म्हणून तर प्रवेशाच्या वेळी घरी काय बोललं जातं त्याला एवढं महत्त्व आहे. "आत्ता हे कर, पुढे बघू डॉक्टरकीचं" या एका वाक्याने मुलगी पहिल्या गटात जाते.

तेव्हा फॉर्म भरण्याआधी एक संध्याकाळ काढा. आत्या नको, क्लासचे सर नकोत, फॅमिली ग्रुप नको. तिला विचारा, एमबीबीएस तुला हवं होतं की आम्हाला? विचारून झालं की गप्प बसा. पहिलं उत्तर बहुधा "मला काही फरक नाही पडत" असं येतं. त्यावर विश्वास ठेवू नका आणि त्यावर चिडूही नका. दोन वर्षं पहाटे उठून बायोलॉजीच्या ओळी पाठ केलेलं पोर आहे ते, निकालानंतर आठ दिवसांत त्याला फरक पडत नाही कसा? कदाचित रडेल. कदाचित सांगेल की शेवटच्या वर्षी फिजिक्सचा क्लास अर्धाच केला होता. फीचे पैसे आठवून तुमच्या कपाळाला आठी पडेल. ती तेवढी आवरा. झोप उडाली असेल, जेवण सुटलं असेल, खोलीचं दार सारखं बंद राहत असेल, तर प्रवेशाची चर्चा बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखवा. प्रवेशाच्या फेऱ्या पुढे असतातच.

"लोकांना काय सांगायचं?" हाही प्रश्न येतो, बहुधा आईकडून, आणि खालच्या आवाजात. लोकांना विषयाचं नाव सांगा. "सध्या बीएस्सी करतेय, नंतर मेडिकलला जाणार आहे," असं पुरवणी लावून सांगू नका. मुलगी आतल्या खोलीतून ऐकत असते.

आणि समजा तिने मनापासून तीन वर्षं केली, पदवी मिळवली आणि मग स्वतःहून म्हणाली की मला पुन्हा नीट द्यायची आहे, तर? देता येते. नीटला कमाल वयाची अट आता नाही. ती २०२२ मध्ये काढून टाकली. किती वेळा द्यायची यालाही बंधन नाही. तेव्हा ती एकविसाची असेल, कमावायचं की शिकायचं हे तिचं तिला ठरवता येईल, आणि एमबीबीएसची साडेपाच वर्षं संपेपर्यंत सत्ताविशीला पोचेल. माझ्या माहितीत असं करणारी मुलं थोडी आहेत. त्यांना आई-बाबांनी भरीस घातलेलं नव्हतं. उलट काहींच्या घरी "आता पुन्हा कशाला" असा सूर होता. तिने विचारलंच तर बारावीची गुणपत्रिका आणि जातीचा दाखला कुठल्या फाइलमध्ये आहे ते सांगा, नॉन-क्रिमीलेअरची मुदत संपली असेल तर नवीन काढून ठेवा. प्रमाणपत्राला तहसीलमध्ये जुलैत फार गर्दी होते, तेव्हा ते काम त्याआधीच उरकून घ्या.